स्टीव्ह मॅरियट आणि फिल कॉलिन्स : ३० जानेवारीचे दोन डॉजर

मध्यलय
आज ३० जानेवारी. गेली बावीस वर्षं मी मुलांना ड्रम शिकवतो आणि या तारखेला क्लासमध्ये दोन गाणी हमखास वाजवतो. एक फिल कॉलिन्सचं, एक स्टीव्ह मॅरियटचं. दोघांचाही वाढदिवस आज. पहिलं नाव मुलांना माहीत असतं, दुसरं कुणालाच नसतं. दरवर्षी मनाला लागतं, म्हणून या वेळी धागाच काढतोय.

मॅरियट १९४७ चा, पूर्व लंडनमधल्या ईस्ट हॅमचा. कॉलिन्स १९५१ चा, पटनीचा. दोघंही लहानपणी नाटकात. १९६० साली लंडनच्या न्यू थिएटरमध्ये लायनेल बार्टचं 'ऑलिव्हर!' हे संगीत नाटक लागलं. डिकन्सच्या कादंबरीवरचं. त्यात खिसेकापू पोरांच्या टोळीचा म्होरक्या आहे, आर्टफुल डॉजर. मॅरियट त्या नाटकात वर्षभर होता, टोळीतल्या वेगवेगळ्या पोरांची कामं करत. नाटकाची जी तबकडी निघाली तिच्यावर डॉजरची गाणी त्याच्या आवाजात आहेत. आणि १९६४ मध्ये त्याच नाटकात डॉजर झाला फिल कॉलिन्स.

म्हणजे तारीख एक, शहर एक, नाटक एक, गाणीसुद्धा तीच. पुढे मॅरियटने स्मॉल फेसेस आणि हंबल पाय असे दोन बँड उभे केले, शेवटची बरीच वर्षं पबमध्ये गायला आणि १९९१ च्या एप्रिलमध्ये घराला लागलेल्या आगीत गेला. वय ४४. कॉलिन्स जेनेसिस या बँडचा ड्रमर झाला, मग गायक झाला, मग एकट्याच्या नावावर जगभर पोचला. स्वतःच्या नावावर दहा कोटी आणि बँडबरोबर दहा कोटी रेकॉर्ड विकले गेलेले कलाकार म्हणून तीन नावं घेतली जातात: पॉल मॅकार्टनी, मायकेल जॅक्सन आणि हा.

माझ्या मते गळा मॅरियटचा मोठा होता. मग वाटा इतक्या का फाकल्या? तुमचं मत सांगा. एकाच तारखेच्या अशा आणखी ब्रिटिश जोड्या माहीत असतील तर त्याही येऊ द्या.

गणिती
विषय आवडला. तारखेचा योगायोग मात्र फार दुर्मीळ समजू नका. कुठल्याही २३ जणांच्या खोलीत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते, ५७ जण असले तर ९९ टक्के. ब्रिटिश रॉकवाले तर शेकड्यांनी आहेत, जोड्या निघणारच. नाटकाचा योगायोग मात्र खरोखर वेगळा. तो गणितात बसवायला मला जमणार नाही.

अंजिरी
आमच्या आईला विचारलं. ती म्हणाली, ३० म्हणजे मूलांक तीन, बोलण्यावर आणि कलेवर जगणारी माणसं. आणि दोघं कुंभ राशीचे ना?

पंचांगवाले_अण्णा
अंजिरीताई, कुंभ पाश्चात्त्यांच्या हिशोबाने. आपल्या पंचांगात ३० जानेवारीला सूर्य मकरेतच असतो, संक्रांतीला तर नुकता आलेला. शिवाय आपण रास चंद्रावरून धरतो. दोघांत चार वर्षांचं अंतर, म्हणजे चंद्राचा काही संबंधच उरला नाही. तारीख एक म्हणून पत्रिका एक होत नाही.

करारनामा
मध्यलय, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर कागदपत्रांत आहे. मी या क्षेत्रातले करार वाचतो, म्हणून ही गोष्ट माझ्या फार जवळची.

स्मॉल फेसेस १९६५ मध्ये जमले. मॅरियट मॅनर पार्कमधल्या वाद्यांच्या दुकानात काम करायचा, तिथे बास गिटार घ्यायला आलेला रॉनी लेन त्याला भेटला. ड्रमवर केनी जोन्स. काही महिन्यांतच त्यांचा व्यवस्थापक झाला डॉन आर्डन. पोरांना आठवड्याला प्रत्येकी २० पौंड पगार आणि कार्नाबी स्ट्रीटच्या कपड्यांच्या दुकानांत खातं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना याहून मोठं सुख कुठलं? हवा तो शर्ट उचला, बिल दुसरीकडे जातंय. १९६६ मध्ये त्यांचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. दारात गर्दी, मासिकांत फोटो, आणि हातात तेच २० पौंड. पुढे ते इमिजिएट या कंपनीकडे गेले, तिथे १९६८ चा त्यांचा तो गोल वेष्टनाचा अल्बम निघाला, तंबाखूच्या डबीसारखा दिसणारा. सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. त्यानंतर कंपनीच बुडाली. बँडमधली माणसं पुढे कित्येक वर्षं मानधनासाठी भांडत राहिली.

एका ओळखीच्या तरुण गायकाचा असाच कागद माझ्यासमोर आला होता. गाण्याचे हक्क कायमचे त्यांचे आणि मोबदला एकरकमी, तोही एका मोबाइलच्या किमतीएवढा. मी म्हटलं, सही करू नकोस. तो म्हणाला, 'केली, काका, मागच्या आठवड्यात.' त्याचा तो चेहरा आठवला की मला स्मॉल फेसेसच्या फोटोंतली ती चार चकचकीत पोरं दिसतात.

मध्यलय
करारनामा, मनापासून आभार. '२० पौंड आणि शर्ट' हे आता क्लासमध्ये सांगणार.

गिटारवाला_सदाशिव
थोडा असहमत. मॅरियट बिचारा आणि बाकी सगळे चोर, असं चित्र होऊ नये. १९६८ च्या शेवटी चालता बँड त्याने स्वतः सोडला, अलेक्झांड्रा पॅलेसच्या कार्यक्रमात मंचावरून निघून जाऊन. मग पीटर फ्रॅम्प्टनबरोबर हंबल पाय काढला. मे १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये केलेलं त्यांचं थेट ध्वनिमुद्रण ऐका. मॅरियट गातोय म्हणण्यापेक्षा पेटलाय म्हणावं. अमेरिकेत ते मोठे झाले ते या रेकॉर्डने. आणि ती बाजारात येईपर्यंत फ्रॅम्प्टन बाहेर पडलेला होता. फ्रॅम्प्टनने पुढे १९७६ मध्ये स्वतःचा थेट अल्बम काढला आणि तो अफाट खपला. मॅरियटजवळ माणसं टिकत नव्हती हेही खरं आहे. इतका मोठा आवाज शेजारी असला की बाकीच्यांना श्वास घ्यायला जागा उरत नसेल.

ढोलताशा
मी पथकात ढोल वाजवतो, रॉकमधलं फार कळत नाही. पण कॉलिन्सच्या त्या 'इन द एअर टुनाइट'मध्ये साडेतीन मिनिटं काही होत नाही आणि मग ड्रम कोसळतात, ते ऐकून अंगावर काटा येतो. तो आवाज आणला कसा? कुणी समजावेल का?

मिक्सर_माणूस
ढोलताशा, हे माझं काम, त्यामुळे जरा लांबण लावतो.

तो आवाज सापडला कॉलिन्सच्या गाण्यात नव्हे, जेनेसिसचा आधीचा गायक पीटर गॅब्रिएल याच्या १९८० च्या अल्बमवर काम चालू असताना. जागा लंडनचा टाउनहाउस स्टुडिओ, मिक्सरवर ह्यू पॅडगम, ड्रमवर कॉलिन्स. ड्रमच्या खोलीत छताला एक माइक टांगलेला असतो. तो रेकॉर्डिंगसाठी नसतो, वादक काय बोलतोय ते काचेपलीकडे ऐकू यावं यासाठी असतो. वादक कोपऱ्यातून पुटपुटला तरी कळावं म्हणून त्या माइकच्या वाटेवर जबर कॉम्प्रेसर बसवलेला. हळू आवाज तो वर ओढतो, मोठा आवाज दाबून टाकतो. एकदा तो माइक चालू असतानाच कॉलिन्सने ड्रम वाजवले. आतल्या माणसांच्या कानांवर जे आदळलं ते आधी कुणी ऐकलेलं नव्हतं. तो माइक रेकॉर्ड करण्याची सोयच मिक्सरवर नव्हती, ती वायरिंग बदलून करून घेतली. त्यावर नॉइज गेट लावला, म्हणजे घुमारा ठरावीक पातळीखाली आला की एकदम कापला जातो.

तुमच्या भाषेत सांगतो. दोन वाड्यांमधल्या बोळात ढोलावर टोल टाकलाय, आवाज भिंतींवर चढत गच्च भरलाय, आणि विरायच्या आधीच कुणीतरी धाडकन दार लावलंय. तोच तो आवाज.

गॅब्रिएलने त्या अल्बममध्ये झांजा वाजवायला मनाई केली होती. म्हणून हा घुमारा इतका स्वच्छ राहिला. झांजेची किणकिण असती तर गेटने सगळा चोथा केला असता. हाच आवाज घेऊन १९८१ च्या जानेवारीत कॉलिन्सचं स्वतःचं पहिलं गाणं, तुम्ही म्हणता तेच, आलं आणि पुढची दहा वर्षं जगभरचे ड्रम तसेच वाजू लागले.

ढोलताशा
दंडवत! बोळातला टोल! उद्या सरावाला जाताना बोळातूनच जाणार.

पाचगणीकर
धाग्यात एक तारीख माझ्याकडून. ५ सप्टेंबर. आपल्याकडे शिक्षक दिन, आणि क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा जन्मदिवस, १९४६, झांझिबार. घर पारशी, मूळ नाव फारोख बलसारा. आमच्या गावात त्याचं शालेय शिक्षण झालं, सेंट पीटर्समध्ये. तिथे १९५८ मध्ये पोरांनी द हेक्टिक्स नावाचा बँड काढला होता, त्यात हा पियानो वाजवायचा. १९६३ मध्ये झांझिबारला परतला, १९६४ च्या क्रांतीनंतर घरच्यांबरोबर इंग्लंडला फेल्टममध्ये आला.

त्याच ५ सप्टेंबरचा अल स्टुअर्ट, १९४५ चा स्कॉटिश गायक. इतिहासातली माणसं आणि प्रसंग गाण्यांत आणणारा, शांत गळ्याचा. फ्रेडीशी त्याचं काहीच जुळत नाही. आणि तिसरा आहे क्लेम क्लेम्पसन, १९४९ चा गिटारवादक. वरच्या सदाशिवरावांच्या प्रतिसादाला हे जोडा: फ्रॅम्प्टन गेल्यावर हंबल पायमध्ये त्याच्या जागी जो आला तो हाच क्लेम्पसन. म्हणजे ५ सप्टेंबरवाला ३० जानेवारीवाल्याच्या बँडमध्ये.

गिटारवाला_सदाशिव
वा! क्लेम्पसनची तारीख माहीत नव्हती. हंबल पायचं १९७२ चं वाजवणं त्याचंच. फार कमी बोलतात लोक त्याच्याबद्दल.

सातारकर_रेडिओ
पाचगणीकर, तुमच्या गावात डोंगरउतारावर ती शाळा, आणि धुक्यातून पियानो ऐकू येतोय, असं चित्र डोळ्यांसमोर आलं. झांझिबारपासून बोटीने आठ-नऊ वर्षांचं पोर बोर्डिंगला पाठवायचं म्हणजे त्या आईवडिलांच्या पोटात काय झालं असेल!

स्नेहल_बर्मिंगहॅम
मी राहते तिथून वेस्ट ब्रॉमिच जवळ आहे, म्हणून ही जोडी मीच सांगायला हवी. २० ऑगस्ट १९४८, वेस्ट ब्रॉमिच: रॉबर्ट प्लांट, लेड झेपलिनचा गायक. २० ऑगस्ट १९४९, वेस्ट ब्रॉमिच: फिल लिनट, थिन लिझीचा गायक आणि बासवादक. तारीख तीच, गावसुद्धा तेच, बरोब्बर एक वर्षाचं अंतर. गणितीदादा, आता काय म्हणता?

प्लांट इथल्याच परिसरात वाढला आणि अजूनही या भागाशी नातं राखून आहे. लिनटची आई आयरिश, वडील ब्रिटिश गयानाचे. आई अविवाहित, वेळ कठीण. लहानपणीच त्याला डब्लिनला क्रमलिनमध्ये आजीकडे ठेवलं. सत्तरच्या दशकातल्या डब्लिनमध्ये एक उंच, सावळा, कुरळ्या केसांचा मुलगा आयरिश लोकगीत रॉकमध्ये गातोय! १९७३ मध्ये ते गाणं ब्रिटनमध्येही गाजलं, १९७६ मध्ये थिन लिझी अमेरिकेतही पोचले. ४ जानेवारी १९८६ ला तो गेला. वय ३६. डब्लिनमध्ये हॅरी स्ट्रीटवर त्याचा पुतळा आहे, मी गेले होते. त्याच्या बासच्या तारांत लोकांनी गिटारच्या पिका अडकवून ठेवल्या होत्या. मी माझ्याकडची छोटी पर्स उघडून शोधत राहिले, काहीच सापडलं नाही, शेवटी केसांची एक पिन खोचून आले.

कट्टर_डब्लिनर
स्नेहल, छान लिहिलंत. मी डब्लिनला नोकरी करतो. कृपा करून इथे कुणासमोर लिनटला ब्रिटिश म्हणू नका. जन्म इंग्लंडातला असेल, पण भाषा, गाणी, आजी, गल्ली सगळं डब्लिनचं. जन्मगावावरून माणूस ठरवायचा तर फ्रेडी झांझिबारचा धरायचा का?

स्नेहल_बर्मिंगहॅम
मान्य, दादा. तो डब्लिनचाच. वेस्ट ब्रॉमिचने फक्त पाळणा दिला.

मध्यलय
प्लांटचं नाव निघालंच आहे तर मॅरियटचा एक धागा जोडतो. स्मॉल फेसेसच्या १९६६ च्या पहिल्या अल्बममधलं 'यू नीड लव्हिंग' ऐका आणि लगेच झेपलिनचं १९६९ चं ते प्रसिद्ध 'होल लॉटा लव्ह' ऐका. गाण्याची ठेवण, मध्येच ओरडणं, श्वास सोडणं, कितीतरी जागा जुळतात. मूळ दोघांचंही नाही, शिकागोच्या विली डिक्सनने लिहिलेलं आणि मडी वॉटर्सने गायलेलं. डिक्सनने १९८५ मध्ये झेपलिनवर दावा लावला, दोन वर्षांनी तडजोड झाली आणि त्याचं नाव गाण्यावर आलं. करारनामा म्हणतात तसं कागदावर कोण आहे ते शेवटी महत्त्वाचं. आणि हेही सांगायला हवं, की स्मॉल फेसेसच्या रेकॉर्डवरही डिक्सनचं नाव नव्हतं. मॅरियट मला कितीही प्रिय असला तरी.

करारनामा
+१. शेवटचं वाक्य लिहिलंत हे फार बरं केलंत.

कोकणकडा
२६ जुलै! रोलिंग स्टोन्सचा गायक मिक जॅगर (१९४३) आणि क्वीनचा ड्रमर रॉजर टेलर (१९४९). जॅगर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स सोडून आला, टेलर दंतवैद्यकी सोडून. दोघांच्याही घरी काय झालं असेल याची कल्पना आपण मराठी माणसं नीट करू शकतो.

७ एप्रिल २००३, मुंबई, ब्रेबर्न स्टेडियम, रोलिंग स्टोन्स. मी होतो. जॅगर साठीला टेकला होता आणि मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होता. माझ्याबरोबर आलेला मित्र तेव्हा तिशीचा, नुसता उभा राहून दमला.

अंजिरी
कोकणकडा 😄 दंतवैद्य टेलर! क्वीनच्या त्या १९७५ च्या मोठ्या गाण्यात सगळ्यात उंच जातो तो आवाज टेलरचाच ना? फ्रेडीचा समजायचे मी.

पाचगणीकर
हो, त्याचाच. आणि त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टेलरने लिहिलेलं मोटारगाडीवरचं गाणं होतं. पुढची बाजू लाखोंनी खपली, तर मागच्या बाजूलाही तेवढाच पैसा. वरचे २० पौंड आठवा आणि हे बघा.

रेवा
इतके प्रतिसाद झाले, एकही बाई नाही. ९ ऑक्टोबर घ्या. जॉन लेनन, १९४०. 'द हू' या बँडचा बासवादक जॉन एंटविसल, १९४४. आणि गायिका पीजे हार्वी, १९६९. ब्रिटनचं मर्क्युरी पारितोषिक दोनदा मिळवणारी, २००१ आणि २०११ मध्ये. दुसऱ्यांदा मिळालं ते युद्धांवरच्या अल्बमला. त्यासाठी ती ऑटोहार्प हे तंतुवाद्य घेऊन बसली होती, गिटारवर तिचा हात इतका बसलेला असताना. मला तिच्यातलं हेच आवडतं, एकदा जमलेली गोष्ट ती पुन्हा करत नाही.

एंटविसल तर कर कार्यालयात कारकून होता आणि फ्रेंच हॉर्न वाजवायचा. १९६५ मध्ये बासवर स्वतंत्र वादन करून त्याने बासवाल्यांना पुढे आणलं. मंचावर मात्र पुतळ्यासारखा उभा. सगळी वादळं बाकीचे तिघं करायचे, त्याची फक्त बोटं हलायची.

अवांतर: गायिका केट बुशचा जन्म ३० जुलैचा, १९५८. तिचं १९७८ चं पहिलं गाणं ज्या कादंबरीवर बेतलेलं आहे तिची लेखिका एमिली ब्रॉंटी, जन्म ३० जुलै १८१८. एकोणिसाव्या वर्षी ती मुलगी पहिल्या क्रमांकावर गेली, स्वतः लिहिलेल्या गाण्यावर.

सातारकर_रेडिओ
रेवाताई, एंटविसलच्या जागी ड्रमकडे बघा, १९७८ मध्ये कीथ मून गेल्यावर द हूमध्ये कोण आलं? केनी जोन्स, स्मॉल फेसेसचा! म्हणजे ९ ऑक्टोबरवाल्याच्या शेजारी मॅरियटचा जुना ड्रमर.

नवा_रसिक
मी नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. मला कॉलिन्स फार गोड गोड वाटतो. त्याची ऐंशीतली प्रेमगीतं लग्नाच्या हॉलमध्ये वाजावीत तशी आहेत. यशस्वी झाला म्हणून मोठा म्हणायचं का?

मध्यलय
नवा_रसिक, स्वागत. चुकलं काहीच नाही, फक्त ऐकायचं थोडं राहिलंय. जेनेसिसचे १९७१ ते ७५ चे अल्बम घ्या आणि गाणं विसरून फक्त ड्रम ऐका. सातची, नऊची मात्रा चालू आहे आणि हा डावखुरा माणूस असा वाजवतोय की तुमची मान आपोआप डोलते, मोजावं लागतच नाही. विषम मात्रा लोकांच्या अंगात उतरवणं किती अवघड आहे ते मी रोज क्लासमध्ये बघतो.

आता माझ्या मूळ प्रश्नाचं मला दिसणारं उत्तर. १९७० मध्ये जेनेसिसने ड्रमर हवा म्हणून 'मेलडी मेकर' या संगीताच्या साप्ताहिकात जाहिरात दिली. चाचणी गॅब्रिएलच्या आईवडिलांच्या घरी होती. कॉलिन्स लवकर पोचला. त्याला सांगितलं, अजून वेळ आहे, तोवर पोहायचं तर पोह. तो पोहण्याच्या तलावात उतरला आणि पाण्यातून आधीच्या ड्रमरांची चाचणी ऐकत राहिला. त्याची पाळी आली तोवर सगळं पाठ होतं. १९७५ मध्ये गॅब्रिएल गेला, गायक शोधायला कित्येक जण तपासले, कॉलिन्स मागे बसून त्यांना गाणी शिकवत होता. शेवटी त्यालाच पुढे उभं केलं. हा माणूस ऐकत थांबू शकायचा. मॅरियटला थांबणं जमलंच नसतं, आणि तो थांबला असता तर तो गळा तसा फुटलाच नसता. एकाला दुसऱ्याच्या मापाने मोजू नये असं मला आता हे सगळं वाचून वाटायला लागलंय. सकाळी धागा काढताना वाटत नव्हतं.

मिक्सर_माणूस
कॉलिन्सची हॅरिसनची गोष्ट कुणी सांगितली नाही? १९७० मध्ये जॉर्ज हॅरिसनच्या अल्बमसाठी त्याला कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचे ढोल, वाजवायला बोलावलं. एकोणीस वर्षांचा, समोर बीटल्समधला माणूस. घाबरून तासभर नुसता सराव करत राहिला, हातांना फोड आले. रेकॉर्ड आली तर त्यावर त्याचा हातच नाही. तीस वर्षांनी अल्बम नव्याने निघताना हॅरिसनने त्याला टेप पाठवली, बघ, तुझं वाजवणं सापडलं. कोंगा इतके भयानक की कॉलिन्स खचलाच. मग कळलं, हॅरिसनने मुद्दाम दुसऱ्याकडून वाईट वाजवून घेतलेली टेप होती ती!

ढोलताशा
मित्र असावेत तर असे 😂

गणिती
सगळा धागा पुन्हा वाचला आणि कागदावर तारखा मांडल्या. १३ जुलै १९८५, लाइव्ह एड, म्हणजे लंडन आणि फिलाडेल्फियात एकाच दिवशी झालेला मदतनिधीचा कार्यक्रम. लंडनच्या वेम्ब्लीवर क्वीन, म्हणजे फ्रेडी (५ सप्टेंबर) आणि टेलर (२६ जुलै). तिथेच कॉलिन्सही (३० जानेवारी) गायला. मग तो कॉन्कॉर्ड विमानाने अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला गेला, त्याच दिवशी गिटारवादक एरिक क्लॅप्टनमागे ड्रम वाजवले आणि झेपलिनच्या प्लांटमागेही (२० ऑगस्ट). त्याच फिलाडेल्फियाच्या मंचावर जॅगर (२६ जुलै). आपल्या धाग्यातले पाच जण एका दिवसात. एंटविसलसुद्धा वेम्ब्लीवर द हूबरोबर, म्हणजे सहा.

गिटारवाला_सदाशिव
आणि मॅरियट नाही. त्या वर्षांत तो पबमध्ये गात होता, दोनशे माणसांसमोर, त्याच जोमाने.

करारनामा
१९९१ च्या सुरुवातीला तो आणि फ्रॅम्प्टन अमेरिकेत पुन्हा एकत्र काम करत होते. तिथून परत आला त्याच रात्री एसेक्समधल्या घरात ती आग लागली. २० एप्रिल. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो होतो.

स्नेहल_बर्मिंगहॅम
२६ मार्च २०२२ ला लंडनमध्ये जेनेसिसचा शेवटचा कार्यक्रम झाला. मी वरच्या मजल्यावर होते. कॉलिन्स काठी टेकत आला आणि खुर्चीत बसून गायला. मणक्याच्या दुखण्याने हातांतलं बळ गेलेलं, २०१० च्या अल्बमसाठी तर काड्या हाताला चिकटपट्टीने बांधून वाजवत होता. मागे ड्रमवर त्याचा मुलगा निक. एका जागी बापाने खुर्चीतूनच मान किंचित वळवली आणि मुलाने टोला दिला. इतक्या लांबून ते दिसलं की मला वाटलं, सांगता येत नाही. गॅब्रिएल प्रेक्षकांत बसला होता हे दुसऱ्या दिवशी कळलं.

नवा_रसिक
मध्यलय सर, १९७३ चा जेनेसिस ऐकला. माझे शब्द मागे घेतो. आज रात्री फिलमोर.

मध्यलय
हेडफोन लावून ऐक, आणि शेजारचे झोपले असतील तर गाऊ नकोस.

आज क्लासमध्ये मुलांना 'ऑलिव्हर!'ची ती जुनी तबकडी ऐकवली, मॅरियटची. पूर्व लंडनच्या पोरांसारखा शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' खाऊन टाकतो, वाक्याचा शेवट वर उडवतो. तेरा-चौदा वर्षांचा गळा, अजून फुटलेला नाही. माझ्याकडे एक अकरा वर्षांची मुलगी येते, फार बोलत नाही. तिने काड्या मांडीवर ठेवल्या आणि विचारलं, 'सर, हा मोठा झाल्यावर काय झाला?' मी फिलमोर लावलं. ती पूर्ण वेळ काड्यांना हात न लावता ऐकत बसली होती. तिची आई दारात येऊन उभी राहिली, तिने आईलाही हाताने थांब म्हणून खूण केली.